वाढत्या अंगाचा ॲम्प्लिफायर

गाणं ऐकवण्याआधी समोरच्याच्या कानात कापूस कोंबणारा माणूस मी एकच पाहिला. आमच्या केशवापुरातले वसंतअण्णा. घराबाहेर पडलो की त्यांनी गाठलंच म्हणून समजायचं. जुन्या व्हॅनमध्ये डावीकडच्या सीटवर बसवायचे, कापसाचे बोळे पुढे करायचे आणि मागच्या भल्यामोठ्या सबवूफरवर तबला लावून विचारायचे, "पाठीत आलं का?"

"अहो अण्णा, माणसं कानानं ऐकतात."

"कानाचं सोड रे. पाठीत आलं का, तेवढं सांग."

येत नसे. तसं सांगितलं की त्यांचं तोंड एवढंसं होई.

आता हा माणूस लहान मुलांच्या कपड्यांचा व्यापारी. उभा जन्म गिऱ्हाइकांना "वाढत्या अंगाचं घ्या" सांगण्यात गेलेला. ॲम्प्लिफायरही तसाच आणला, सबवूफरला पेलणार नाही एवढा दांडगा. आवाज वाढवला, तर मागून जळका वास आला आणि सबवूफर कायमचा गप्प झाला. आमच्याच गावातल्या लॅमिंग्टन रोडच्या मेकॅनिकनं कपाळाला हात लावला.

"अण्णा, इदु अंगी अल्लरी, सदरा नव्हे हा. स्पीकर काय वाढतोय होय? त्याच्या अंगाबरोबर घ्या."

अण्णांनी निमूट नवा सबवूफर घेतला, त्याला झेपेल असा ॲम्प्लिफायर घेतला. म्हातारचळ, दुसरं काय, असं गल्ली म्हणाली. मीही म्हणालो.

मग एका रविवारी अण्णा सुमनअक्काला हाताला धरून खाली घेऊन आले. अक्का म्हणजे त्यांची बायको. धारवाडच्या माहेरी वडिलांचा तबला ऐकत वाढलेली. तिचे कान पार गेले होते. लोकांनी तिच्याशी बोलणं सोडलं, तशी तिनंही उंबऱ्याबाहेर येणं सोडलं होतं.

ती डाव्या सीटवर बसली. तिला कापसाची गरज नव्हती. अण्णांनी तबला लावला. थोडा वेळ काहीच नाही. मग तिची बोटं मांडीवर हलायला लागली आणि बरोबर समेवर हात पडला.

"आलं हो," ती मोठ्यानं म्हणाली.

अण्णा उगाच काच पुसत बसले. त्यानंतर रोज संध्याकाळी दोघं उणकल तळ्यापर्यंत जाऊन येत.

अक्का गेली आणि व्हॅन दाराशीच उभी राहिली. पुढे एका संध्याकाळी व्हॅनमधून तबला ऐकू आला, म्हणून मी गेलो. अण्णा डाव्या सीटवर बसले होते, दोन्ही कानांत कापूस, डोळे मिटलेले. स्टिअरिंगपाशी कुणी नव्हतं. मी तिथं जाऊन बसलो.

बऱ्याच वेळानं त्यांनी डोळे उघडले. "तिला एवढंच मिळायचं रे," ते म्हणाले. "आणि एवढ्यावर ती खूश असायची."

"अण्णा, आमच्याकडे जेवायला चला."

कापूस तसाच होता. त्यांना ऐकू आलं नाही. मग मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, तसे ते उठले.