दोन बहिणी, तीन चाचण्या

माणूस एकदा पाहिला की मी त्याला विसरत नाही. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही. म्हणजे, थोडंफार फुशारकी म्हणूनच सांगतोय, पण माझं कामच तसं आहे. मी लोकांची बुद्धी मोजतो.

विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागात तळमजल्यावर एक लहानशी खोली आहे. तिच्यात एक टेबल, दोन खुर्च्या, लाल-पांढऱ्या ठोकळ्यांची पेटी आणि एक स्टॉपवॉच. टेबलाच्या अलीकडे मी बसतो, पलीकडे जगातलं कोणीही. वकील बसले, सुतार बसले, एकदा एक जादूगार बसला. त्याने ठोकळे जुळवता जुळवता एक ठोकळा गायब केला आणि तो त्याचा त्यालाही परत सापडला नाही.

इतकी वर्षं हे काम करतोय, तरी त्या खोलीत मला अजून भारावल्यासारखं होतं. समोरच्याला मी एक नक्षी दाखवतो आणि म्हणतो, "हिच्यासारखी ठोकळ्यांनी जुळवा." तो हात पुढे करतो आणि हात मध्येच हवेत थांबतो. नजर माझ्या डोक्यावरून कुठेतरी निघून जाते. माणूस खुर्चीतच असतो, पण खोलीत नसतो. मग एकदम परत येतो आणि हात थेट बरोबर ठोकळ्यावर पडतो! मधल्या वेळात तो कुठे गेला होता, हे मला माहीत नाही. आमच्या सरांनाही माहीत नाही, आणि त्यांनी तर या विषयावर उशीएवढी जाड पुस्तकं लिहिली आहेत.

सर आयुष्यभर एकाच प्रश्नाच्या मागे लागले आहेत. बुद्धी माणूस जन्माला येताना घेऊन येतो, की ती घरात घडते? याचं उत्तर शोधायला सगळ्यात चांगली माणसं म्हणजे हुबेहूब जुळी भावंडं, पण वेगवेगळ्या घरांत वाढलेली. अशी जोडी सहसा मिळत नाही. त्यामुळे साठीच्या दोन जुळ्या बहिणी यायला तयार झाल्या, तेव्हा सर बाळंतपणाच्या वॉर्डाबाहेरच्या नवऱ्यासारखे व्हरांड्यात फेऱ्या मारू लागले.

थोरली काही मिनिटांनीच थोरली. ती आईवडिलांकडे राहिली, शिकली, शाळेत शिक्षिका झाली. धाकटीला लहानपणीच मूल नसलेल्या मावशीकडे पाठवलं. तिचं शिक्षण लवकर सुटलं, पुढे तिने शिवणकाम केलं. आता दोघींचे नवरे गेल्यावर त्या एकाच घरात राहत होत्या.

"सकाळी थोरली, दुपारी धाकटी," सरांनी मला बजावलं. "मध्ये दोघींनी एकमेकींशी चाचणीबद्दल बोलायचं नाही. आणि ओळखपत्र नीट बघ. जुळ्या आहेत."

"सर, मला ओळखपत्र कशाला लागतंय?" मी म्हणालो.

सकाळी थोरल्या ताई आल्या. करड्या रंगाचा स्वेटर, घट्ट अंबाडा, हातात पर्स. आल्या तेव्हापासून त्यांचं लक्ष खिडकीबाहेर. मी विचारलं, "होडी आणि पूल, या दोन्हींत सारखं काय आहे?"

त्यांनी खिडकीकडे बघतच सांगितलं, "दोन्ही ओली होतात."

ठोकळ्यांच्या वेळी तर त्या दोनदा उठून खिडकीपाशी जाऊन आल्या. आकडे उलटे म्हणायला सांगितले, तर त्यांनी सुलटेच म्हटले, आणि तेही निम्मे. मी मनात म्हटलं, बिचाऱ्या! शिक्षिका होत्या म्हणे. मुलांचं कसं झालं असेल?

दुपारी दार वाजलं. मी पाहिलं आणि क्षणात ओळखलं, या धाकट्या. हिरवा स्वेटर, पाठीवर वेणी, चेहऱ्यावर हसू. बारकाईने पाहिल्यावर मला फरकही दिसले. धाकट्या ताईंचं नाक थोरलीपेक्षा किंचित बसकं होतं. हनुवटीही जरा गोल होती. मी स्वतःवर खूश झालो.

"होडी आणि पूल..." मी सुरुवात केली.

"पलीकडे नेतात," त्या म्हणाल्या.

माझा प्रश्न अजून तोंडातच होता. ठोकळ्यांची नक्षी मी टेबलावर ठेवतोय तोवर यांची जुळवून तयार. आकडे उलटे म्हटले, तेही असे सरसर, की मला माझ्या हातातला कागद दोनदा बघावा लागला. माझ्या अंगावर काटा आला. मावशीच्या घरी वाढलेली, शाळा अर्धवट सुटलेली बाई, आणि असं डोकं! चाचणी संपल्यावर मी उठून त्यांना दारापर्यंत सोडायला गेलो. असं मी कोणासाठी करत नाही.

सरांनी दोन्ही निकाल शेजारी शेजारी ठेवले आणि आलटून पालटून पाहिले.

"रक्त तेच," शेवटी ते हळू आवाजात म्हणाले. "मेंदू तोच. आणि फरक बघ. शाळेत आयुष्य घालवलं ती मागे, आणि मावशीकडे वाढली ती कुठल्या कुठे पुढे."

"मग सर, हे कशामुळे?"

"मावशीमुळे," सर म्हणाले.

त्या दिवसापासून आमच्या विभागात 'मावशी परिणाम' हा शब्द सुरू झाला. सरांनी त्यावर व्याख्यान ठरवलं, बाहेरून विद्वान बोलावले. कँटीनमध्ये एक प्राध्यापक मला बाजूला घेऊन विचारू लागले, की सुट्टीत मुलाला त्याच्या मावशीकडे पाठवलं तर चालेल का, की कायमचंच पाठवावं लागेल.

सर रोज थोरल्या ताईंना फोन करायचे, कारण नंबर त्यांचाच होता.

"मावशींच्या घराला खिडक्या किती होत्या?"

"धाकटीला विचारून सांगते."

"मावशी गोष्टी सांगायच्या का? कोड्यात बोलायच्या का?"

"विचारते हं. आत्ता ती झोपली आहे."

धाकट्या ताई फार झोपायच्या. सरांनी तेही लिहून ठेवलं, मोठ्या बुद्धीला विश्रांती लागते म्हणून. व्याख्यानाला दोघींनी यावं असं सरांनी सुचवलं, तर थोरल्या ताईंची कंबर धरली. कंबर सुटली, तर धाकटीला सर्दी झाली. शेवटी एके दिवशी थोरल्या ताई फोन घरी विसरून बाहेर गेल्या असताना फोन धाकट्या ताईंनीच उचलला. सरांना तर आनंदच झाला.

"अहो, तुमच्यासारखं डोकं मी उभ्या आयुष्यात पाहिलेलं नाही," सर म्हणाले. "व्याख्यानाला तुम्ही यायलाच हवं."

पुढचं सरांनी मला नंतर सांगितलं. पलीकडून हळू आवाज आला, "माझं डोकं?"

"तुमचंच."

"येते," त्या म्हणाल्या.

व्याख्यानाच्या दिवशी सभागृह भरलं होतं. पहिल्या रांगेत दोन्ही बहिणी बसल्या होत्या. थोरल्या ताईंचा चेहरा कागदासारखा पांढरा पडला होता. धाकट्या ताई मात्र ताठ बसल्या होत्या. मी नाकांकडे पाहिलं. दोन्ही नाकं अगदी सारखी होती. मला जरासं अस्वस्थ वाटलं, पण म्हटलं, लांबून तसं दिसत असेल.

सरांनी अर्धा तास मावशींवर बोलून झाल्यावर धाकट्या ताईंना व्यासपीठावर बोलावलं. टेबलावर ठोकळे मांडले.

"आता तुम्ही स्वतःच बघा," सर विद्वानांना म्हणाले.

धाकट्या ताईंनी एक ठोकळा उचलला, सगळ्या बाजूंनी पाहिला आणि खाली ठेवला.

"साहेब, आधी एक सांगते," त्या म्हणाल्या. "हे ठोकळे मी आज पहिल्यांदा बघतेय."

सर हसले. "नम्रता बघा."

"नम्रता नाही. मी त्या दिवशी आलेच नव्हते."

तेवढ्यात थोरल्या ताई उठून उभ्या राहिल्या.

"तिची काही चूक नाही," त्या म्हणाल्या. "दोन्ही वेळा मीच आले होते."

सगळ्यांनी सरांकडे पाहिलं, आणि सरांनी माझ्याकडे. मी छताकडे पाहिलं. छताला एक भेग होती. ती मी अजूनही डोळे मिटून काढून दाखवू शकेन.

थोरल्या ताईंनी मग जागेवरूनच सगळं सांगितलं. दोघी पहिलीत असताना त्यांच्या बाईंनी भर वर्गात धाकटीला मठ्ठ म्हटलं होतं. तो शब्द घरी आला आणि घरीच राहिला. हिला शिकवून उपयोग नाही, म्हणून मावशीने एक मुलगी मागितल्यावर धाकटीलाच देऊन टाकलं. त्या दिवशी सकाळी दोघी बसने बरोबरच आल्या होत्या. पण फाटकावरची 'बुद्धिमापन' ही पाटी वाचून धाकटी थबकली आणि आल्या पावली निघून गेली.

"फोन उचलेना. कुठे गेली असेल, रस्ता ओलांडता येईल का तिला, माझ्या डोक्यात तेच. हे काय विचारत होते मला कळतच नव्हतं." त्यांनी माझ्याकडे हात केला. "मग ती बसथांब्यावर सापडली. रडत होती. म्हणाली, मला परत नापास व्हायचं नाही. मी म्हटलं, नको होऊस. तिचा स्वेटर घातला, वेणी घातली आणि आले. प्रश्न सगळे ऐकलेलेच होते. आणि ती सापडली होती, त्यामुळे डोकंही ठिकाणावर होतं."

आता सर भडकणार, असं मला वाटलं. व्याख्यान गेलं, मावशी गेली, पाहुण्यांसमोर अब्रू गेली. माझी नोकरी तर त्या भेगेतून केव्हाच बाहेर पडली होती. पण सरांनी खिशातून ते दोन निकाल काढले आणि तिथेच व्यासपीठाच्या पायरीवर बसले. या टोकाचा एक, त्या टोकाचा एक. आणि दोन्ही एकाच बाईचे.

"तीच बाई," ते पुटपुटले. "त्याच दिवशी." त्यांचा चेहरा पहिल्यांदा समुद्र पाहणाऱ्या लहान मुलासारखा झाला होता.

पाहुणे हळूहळू चहाकडे सरकले. धाकट्या ताई मात्र टेबलाशीच उभ्या होत्या. त्या मला म्हणाल्या, "मी आले ती काय कौतुक करून घ्यायला आले नाही. फोनवर साहेब जे बोलले ते माझ्या बहिणीबद्दल होतं, हे मला त्याच दिवशी कळलं. हिला विचारलं, हिने सांगितलं. पण म्हटलं, आता जाऊच. तुम्ही माझी चाचणी घ्या."

"आत्ता?"

"नंतर माझा धीर राहायचा नाही."

आम्ही खाली खोलीत गेलो. थोरल्या ताईंना बाहेर बसवलं. सर दारात उभे राहिले. धाकट्या ताई समोर बसल्या. मी नक्षी ठेवली. त्यांनी हात पुढे केला, आणि हात हवेत थांबला. नजर माझ्या डोक्यावरून गेली.

हे मी हजारदा पाहिलंय. पण त्या दिवशी माझाच श्वास अडकला. एवढी वर्षं या बाईला सगळ्यांनी सांगितलं होतं, की तिकडे तुझं काही नाही, जाऊ नकोस. आणि ती गेली. स्टॉपवॉच टिकटिकत होतं, ते मला खिशात घालावंसं वाटलं. मग त्या परत आल्या. एक ठोकळा ठेवला, दुसरा ठेवला. तिसरा चुकला. त्यांनी तो पाहिला, "हं," म्हणाल्या आणि फिरवून बरोबर बसवला. दारात सरांनी नाक शिंकरलं.

"होडी आणि पूल," मी विचारलं, "यांत सारखं काय आहे?"

त्यांनी बराच विचार केला. "दोन्हींवर उभं राहिलं की खाली वाकून बघावंसं वाटतं."

मी उत्तरांची पुस्तिका चाळली. हे उत्तर तिच्यात नव्हतं. मी सरांकडे पाहिलं. सरांनी नुसतेच खांदे उडवले, आणि त्या क्षणी जगातल्या सगळ्या जाड पुस्तकांच्या वतीने ते खांदे उडवत आहेत असं मला वाटलं.

निकाल आला तो अगदी मधला. जिथे बहुतेक माणसं असतात, मी असतो, तुम्ही असता, बरोबर तिथला. मी त्यांना तसं सांगितलं.

"म्हणजे मठ्ठ नाही?"

"नाही."

"हुशार?"

"चारचौघांसारख्या."

"चारचौघांसारखी," त्यांनी ते शब्द एकदा म्हणून पाहिले, मग बाहेर जाऊन बहिणीला सांगितले. दोघी व्हरांड्यातल्या बाकावर एकमेकींचे हात धरून बसल्या. माझ्या नोकरीचं विचारायची ही वेळ नव्हती, म्हणून मी ठोकळे पेटीत भरू लागलो.

सर मात्र आता खोलीत येरझाऱ्या घालत होते. "आपण माणसाला एकदा मोजतो आणि जन्मभराचा आकडा त्याच्या गळ्यात घालतो," ते म्हणाले. "आणि माणूस सकाळी एक, दुपारी वेगळाच. आता सगळ्यांना परत बोलवायचं. आजवर जितके येऊन गेले तितक्यांना. प्रत्येकाची चाचणी सकाळी एक आणि दुपारी एक."

"सर, कोण घेणार?"

"तूच. दुसरं कोण आहे?"

म्हणजे नोकरी राहिली होती. मी हिशेब करू लागलो. दुप्पट काम होतं, पण नेटाने केलं तर निभलं असतं. एवढ्यात धाकट्या ताई निरोप घ्यायला दारात आल्या. सरांचं बोलणं त्यांनी ऐकलं असावं. त्या अदबीने म्हणाल्या,

"साहेब, एक विचारू? संध्याकाळी कसा असतो हो माणूस?"

सर जागच्या जागी थांबले. त्यांची नजर माझ्या डोक्यावरून कुठेतरी निघून गेली. ती परत येऊ नये म्हणून मी मनोमन प्रार्थना केली, पण सरांचं डोकं फार चांगलं आहे. ते लगेच परत आले.