कुमुदताईंचं ‘पूर्ण’

शनिवारी सकाळी आमच्या कारखान्यातून बाहेर फोन करायचा असेल, तर आधी सिनेमाबद्दल ऐकून घ्यावं लागे. मुलुंडला पंख्यांचा कारखाना होता तो. मी डिस्पॅचमध्ये होतो आणि टेलिफोन बोर्डावर कुमुदताई राणे बसायच्या.

“ताई, पुण्याची लाइन द्या ना.”

“देते. कालचा बघू नकोस रे सुधीर. पाट्या.”

खट्ट. आणि पुणे.

‘पाट्या’ म्हणजे नावांच्या पाट्या संपल्या की उठायचं. ताईंकडे तीनच शेरे होते. पाट्या, मध्यंतर आणि पूर्ण. पेपरात सिनेमाला तारे देतात त्याचा त्यांना राग. “तारे बघायला गच्ची आहे की! माणसाला कधी उठायचं ते सांगा.” ‘पूर्ण’ हा शेरा मी नोकरीला लागल्यापासून पाच वर्षांत कोणी ऐकला नव्हता.

ताई चाळिशीच्या, काडीसारख्या, कुडाळकडच्या. कडक इस्त्रीची सुती साडी. डोक्यावरून हेडफोनची पट्टी जायची, म्हणून गजरा नेहमी एका बाजूला, अगदी कानाशी. आई गेल्यावर मुलुंडच्याच एका सोसायटीत एकट्या राहायच्या. दर शुक्रवारी सुटल्यावर सहाचा खेळ, भांडुप ते ठाणे जिथे नवा लागला असेल तिथे. आजारी असोत, बाहेर दंगल असो, खेळ चुकायचा नाही.

त्यांचं म्हणणं सगळ्यांपर्यंत पोचे. साहेब घरच्यांना सिनेमाला नेण्याआधी केबिनमधून हळूच विचारायचे. एकदा दिल्लीच्या पार्टीचा अर्जंट कॉल आला, तर ताईंनी त्यालाही सांगितलं, “होल्ड करो भाईसाब. और वो नया पिक्चर इंटरवल तक देखो.” पुढच्या वेळी त्या माणसाने आधी ताईंना धन्यवाद दिले, मग पंख्यांचं काढलं.

एकच गोष्ट कळायची नाही. दुसऱ्यांना ‘पाट्या’ सांगणाऱ्या ताई स्वतः मात्र शेवटपर्यंत बसायच्या. विचारलं तर म्हणायच्या, “कोणीतरी खात्री करायला नको?” आणि नायक-नायिकेवर त्या कधी चार शब्द बोलायच्या नाहीत. “कोर्टात मागे बसलेली माणसं बरी होती,” असलं काहीतरी सांगायच्या.

एका शनिवारी मी फोन उचलला, तर पलीकडे ताईंचा आवाज चढलेला. “सुधीर, पूर्ण! घरच्यांना घेऊन जा. पूर्ण म्हणजे पूर्ण!”

कारखान्यात दिवाळी झाली. रविवारी निम्मं डिस्पॅच आणि सगळं स्टोअर बायकापोरांसकट थेटरात. आणि सिनेमा? अहो, नायक जुळा, खलनायकही जुळा, आणि चौघांपैकी एकालाही अभिनय येत नव्हता. मध्यंतराला आम्ही वडे खाल्ले आणि घरी गेलो.

सोमवारी बोर्डावर तक्रारींच्या फोनांचे नुसते दिवे पेटत होते. स्टोअरचे पाटील तर मला घेऊन जिना चढून ताईंकडे गेले. “ताई, वाट लावलीत! बायको कालपासून बोलत नाही माझ्याशी.”

“शेवटची वरात बघितलीत?” ताईंनी विचारलं.

“शेवट? कोण थांबलंय शेवटाला!”

ताईंनी माझ्याकडे बघितलं. “तू?”

मी नकारार्थी मान हलवली. त्यांनी हेडफोन चढवला आणि त्या दिवशी कोणाशी जास्तीचा एक शब्द बोलल्या नाहीत. संध्याकाळपर्यंत पाटीलसुद्धा ओशाळले. मंगळवारी सुटताना ताई गेटपाशी उभ्या होत्या. “चल, सहाच्या खेळाला. आज उठायचं नाही.”

अडीच तास मी तो सिनेमा सोसला. शेवटी वरात आली. पुढे बँड, लाल कोट, सोनेरी झालरी. ताईंनी माझं मनगट घट्ट धरलं.

“तो बघ. डावीकडून तिसरा. क्लॅरोनेटवाला. आमचो बाळू.” घरातली भाषा त्यांच्या तोंडून कारखान्याच्या माणसासमोर पहिल्यांदाच निघाली होती. “गाल बघ मेल्याचे. फुंकतसुद्धा नाही. लहानपणापासून असाच कामचुकार.”

वरात वळली. तिसरा गेला. पाच सेकंद असतील फार तर.

बाहेर बाकावर बसून त्यांनी सांगितलं. धाकटा भाऊ. सिनेमात जायचं वेड. एकदा जेवताना ताईच म्हणाल्या, “आरशात तोंड बघितलंयस का?” सगळे हसले. सकाळी बाळू नव्हता. त्याला अकरा वर्षं झाली. आई गेली तेव्हा कळवायला पत्ता नव्हता. कोणीतरी त्याला अंधेरीला कुठल्याशा स्टुडिओबाहेर पाहिलं म्हणून सांगितलं, आणि त्या आठवड्यापासून ताई सिनेमे बघायला लागल्या. गर्दीतलं एकेक तोंड तपासत.

“मग आता अंधेरीला जाऊया की, ताई!”

“आणि तो म्हणाला, कोण तू? तर?”

या ‘तर’मध्ये चार दिवस गेले. रोज मी फोन उचलून “कधी?” एवढंच विचारायचो. शनिवारी दुपारी कारखाना अर्ध्यावर सुटला तेव्हा ताई म्हणाल्या, “चल.”

पाट्यांमध्ये स्टुडिओचं नाव होतं, तेवढ्यावर आम्ही निघालो. गुरखा आत सोडेना. “एक्स्ट्रा लोग खाने की छुट्टी में बाहर आएगा,” म्हणाला. आम्ही समोरच्या चहावाल्याकडे उभे राहिलो. ताईंनी तीनदा गजरा सारखा केला.

तीनच्या सुमाराला फाटक उघडलं आणि पंचवीसेक हवालदार बाहेर आले. सगळे खाकी, सगळ्यांना एकसारख्या मिशा. मला एकही ओळखता आला नसता. ताई सरळ चालत गेल्या आणि त्यातल्या एकासमोर उभ्या राहिल्या. तो बिडी पेटवत होता. काडी तशीच जळत राहिली.

मला वाटलं, आता रडतील, मारतील, काहीतरी होईल. ताई नुसत्या त्याच्या तोंडाकडे बघत होत्या. डोळे, कपाळ, पांढरे व्हायला लागलेले कल्ले. बघून झाल्यावर म्हणाल्या,

“मिशी खरी आहे का रे?”

त्याने हळूच मिशी सोलून काढली. “नाय गो ताई. कंपनीची.”

“बरं केलंस,” ताई म्हणाल्या. “त्याशिवायच बरा दिसतोस.”

त्यानंतर त्या कल्ल्यांवरून बोट फिरवत राहिल्या, आणि तो पंचवीस हवालदारांच्या समोर, हातात मिशी धरून, लहान पोरासारखा रडत राहिला.