नाना फक्त चालतात

शेळके नानांना फोन केला की पहिलं मिनिट हातांच्या चौकशीत जातं. तुम्ही म्हणता, "नाना, मी बोलतोय." पलीकडून प्रश्न येतो, "हात कुठंय तुझा?" एक फोनवर आहे, असं सांगितलं की लगेच, "आन दुसरा?" दुसऱ्याचा पत्ता लागल्याशिवाय माणूस पुढे सरकत नाही. एकदा मी वैतागून म्हणालो, "खिशात आहे, नाना." तर शांतपणे म्हणाले, "ऱ्हाऊ दे मग तिथंच. चांगली जागा हाय."

आमची कंपनी चाकणला आहे. पत्रा दाबून गाड्यांचे भाग बनवायचे, हा धंदा. मोठमोठ्या प्रेस दिवसभर धाड धाड करतात. मी सहा वर्षांपासून इथे क्वालिटीत आहे आणि नाना सेफ्टीत. वय चोपन्न, अंगानं काटकुळे, डोळे कायम कुणाच्या तरी बोटांवर. लातूरकडून येऊन पंचवीस वर्षं झाली, पण बोली तिकडचीच ठेवलीये. गळ्यात काळा दोरा आणि त्यात एका कुलपाची छोटी किल्ली. कुलूप कुठलं, ते कुणी विचारलं तर म्हणतात, "हाय एक."

बरं, हे कंपनीपुरतं असतं तर मी काही बोललो नसतो. पगारच त्याचा मिळतो त्यांना. पण आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला बायको केक कापतेय, लोक टाळ्या वाजवतायत, आणि नाना टाळ्यांमधून वाट काढत पुढे येऊन विचारतायत, "वहिनी, डावा हात कुठंय?" बायकोनं दचकून सुरीच खाली ठेवली. त्या दिवसापासून ती कोथिंबीरसुद्धा जपून चिरते. आणि खोटं कशाला सांगू, मलाही ते लागलंय. गाडीचं दार लावताना मी लेकीची बोटं मोजतो. ती आता दहावीला आहे आणि तिला याची भयंकर लाज वाटते.

नाना कंपनीच्या बसमध्ये कधीही बसत नाहीत, हे आणखी एक. फुकटची बस दारात उभी असते आणि हा माणूस पाऊण किलोमीटर चालत जाऊन सरकारी बस पकडतो. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "मला घाई न्हाई."

असा माणूस व्हिडिओ गेम खेळतो, हे आम्हाला कळलं तेव्हा कॅन्टीनमध्ये कुणाच्या घशाखाली घास उतरेना.

झालं असं, की गेलं वर्षभर आमच्या जेवणाच्या टेबलावर एकाच गेमची भांडणं चालली होती. नाव इंग्रजी आणि लांबलचक आहे, आम्ही त्याला 'काळा किल्ला' म्हणतो. एक सैनिक आणि एक म्हातारा लोहार जळालेल्या मुलखातून चालत एका किल्ल्याकडे निघालेत, वाटेत राक्षस येतात, माणसं भेटतात, गोष्ट पुढे सरकते. लॅबमधली रेश्मा म्हणायची, अशी गोष्ट तिनं आयुष्यात पाहिली नाही, शेवटी ती अर्धा तास रडत होती. डिस्पॅचचा मोरे म्हणायचा, "कसलं डोंबलाचं रडायचं? साठ तास तलवार घासली, आणि शेवट काय, तर दहा सेकंदांत आटोपला. फसवलं राव आपल्याला." मी मधला. मला गोष्ट आवडली होती, पण दर दोन मिनिटांनी तो लोहार आपलं दुःख सांगत बसतो त्याचा कंटाळा आला होता.

एके दिवशी नाना डब्यावरून मान न उचलता म्हणाले, "म्हातारा बोलतो ते बरं हाय की. तेवढा वेळ कुणी मारत न्हाई."

रेश्मानं आधी विश्वास ठेवला नाही. तिनं परीक्षाच घेतली. "नाना, तो दोन तलवारींचा राक्षस तुम्ही कसा मारला?"

"मी न्हाई मारला. मी बाजूला झालो."

"मग मेला कसा तो?"

"मी फक्त चालतो. आन ढाल धरतो. मारणारा दुसरा हाय."

आता बोला. मोरे हसता हसता ताटावर कोसळायचा बाकी होता. म्हणाला, "नाना कीर्तनकार झाले. करता करविता तो वरचा." आम्ही सगळे हसलो. पण त्या गेममधली प्रत्येक पायवाट नानांना पाठ होती. कुठल्या दगडावरून पाय घसरतो, कुठला पूल डाव्या अंगानं चढायचा, सगळं. तलवारीचं मात्र विचाराल तर कोरी पाटी. खेळतो कसा हा माणूस, ते कळेना.

मग हळूहळू त्यांच्या प्रश्नांची दिशा बदलली. शेवटाबद्दल विचारायला लागले. आणि विचारताना घाबरलेले दिसायला लागले. आधी मला ती गंमत वाटली.

"रेश्माताई, शेवट झाल्यावर पुढं काय ऱ्हातं?"

"काही नाही. नावं येतात सगळ्यांची. संपला गेम."

"पुना त्याच जागी जाऊन फिरता येतंय का?"

"नाही नाना. संपला म्हणजे संपला."

नानांनी अर्धी चपाती तशीच डब्यात ठेवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा, "शेवटी बटण दाबायचं असतंय का दांडी ढकलायची?" रेश्मानं समजावून सांगितलं. किल्ल्याचा लोखंडी दरवाजा खाली येत असतो, म्हातारा तो खांद्यावर पेलून धरतो. समोर दहा आकडे उलटे पळतात. हातातल्या कंट्रोलरवरची डावी दांडी आत ढकलली, तर आपण आत जातो, राजा होतो आणि म्हातारा दरवाजाखाली राहतो. बाहेर ओढली, तर म्हाताऱ्याला घेऊन आपण रिकाम्या हातांनी परत फिरतो. मोरे राजा झाला होता. रेश्मा परत फिरली होती. त्यावरच तर त्यांची भांडणं.

"डावी दांडी," नाना म्हणाले. "नक्की डावी?"

"डावीच."

"आन काहीच न्हाई केलं तर?"

मोरे म्हणाला, "असं कोण करतं, नाना?"

नानांनी डब्याचं झाकण लावलं, काढलं आणि पुन्हा लावलं. मी पाहिलं, आणि गंमत वाटायची ती थांबली.

आमच्या पट्ट्यात कारखान्यांची सुट्टी गुरुवारी असते. त्यानंतर चार-पाच महिन्यांनी, एका बुधवारी शिफ्ट सुटताना नाना माझ्याजवळ आले. "तू मोशीला ऱ्हातोस ना? उद्या दुपारी माझ्यासंगं येशील का? तुझ्या घरापासून जवळ हाय. मला एकट्याला भ्या वाटायलंय."

"कसलं?"

"त्या शेवटाचं."

चोपन्न वर्षांचा माणूस गेमला भितो म्हणून मी हसणार होतो. पण त्यांचा चेहरा पाहून हो म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मोशीच्या स्टॉपवर ते सरकारी बसनं उतरले. हातात पिशवी, पिशवीत पेरू. नव्या इमारतींच्या मधल्या कच्च्या रस्त्यानं आम्ही चालायला लागलो. माझी गाडी होती, पण नाना म्हणाले, चालू. आणि चालता चालता, माझ्याकडे न बघता सांगायला लागले.

"नऊ वर्सं झाली. मी तवा मेंटेनन्सला फिटर होतो. प्रेसच्या आत शिरायचं तर स्विचला आपलं कुलूप लावायचं आन किल्ली आपल्या खिशात, म्हंजे बाहीरून कुणी मशीन चालू करायचं न्हाई. तुला म्हाईतच हाय. दोघं आत, तर दोन कुलपं. त्या दिशी माझ्यासंगचा बाळू म्हणला, नाना, दोन मिंटाचं काम हाय, तुमच्या एका कुलपात भागवू. भागवलं. मग शिफ्ट सुटायचा भोंगा झाला. बाहीर बस चालू करून उभी. मी बगितलं तर बाळूचं हेल्मेट खुंटीला. माणूस घरी जाताना हेल्मेट खुंटीला लावतो का न्हाई? मला वाटलं, गेला. मी कुलूप काढलं."

नाना थांबले. मीही थांबलो.

"अडचणीत हेल्मेट मावत नव्हतं म्हणून त्यानं काढून ठेवलं होतं. डावा हात आत होता त्याचा. एवढंच इचारायचं होतं मला. हात कुठंय तुझा. न्हाई इचारलं. मी बसमधी जाऊन बसलो. खिडकीची जागा मिळाली, तर बरं वाटलं होतं मला."

टेबलावर हसलो होतो ते सगळं आठवून मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढचं त्यांनी थोडक्यात सांगितलं. कितीतरी वर्षं ते बाळूच्या इमारतीखाली यायचे, वॉचमनकडे फळं द्यायचे आणि परत जायचे. वर जायची हिंमत नव्हती. दीड वर्षांपूर्वी बाळूनं गॅलरीतून पाहिलं आणि हाक मारली. मेव्हण्यानं बाळूला गेम आणून दिला होता, पण तो दोन हातांचा खेळ. बाळू वरून म्हणाला, "नाना, मला एक हात कमी पडतोय, या वर." बास, एवढंच. तेव्हापासून दर गुरुवारी.

"मग आता भीती कसली, नाना?"

"दोन हायेत. एक म्हंजे ती डावी दांडी माझ्याकडं हाय. दहा सेकंद देतेत आन ठरव म्हणतेत. घाईत मी काय ठरवतो ते म्हाईत हाय मला." जिन्यापाशी आल्यावर म्हणाले, "आन दुसरी, संपल्यावर मी ह्या घरात काय म्हणून यायचं?"

दार बाळूच्या बायकोनं, वैशालीनं उघडलं. बाळू चाळिशीचा, गोल चेहऱ्याचा, हसरा माणूस. एका सोसायटीच्या ऑफिसात बसतो आता. डावा हात मनगटाशी संपलेला. नाना त्याच्याशी बोलताना कुठेही बघत होते, तिकडे बघत नव्हते. दोघं सोफ्यावर खांद्याला खांदा लावून बसले, कंट्रोलर मधोमध. बाळू म्हणाला, "नाना, हात कुठंय तुमचा?"

"हा काय."

आणि सुरू झालं. मी बघतच राहिलो. डावी बाजू नानांची. चालणं आणि ढाल. उजवी बाजू बाळूची. बघणं आणि तलवार. एक शब्द न बोलता दोघं मिळून एक माणूस चालवत होते. राक्षस आला की नाना मागे सरायचे, ढाल धरायचे, बाळू हाणायचा. पडद्यावरचा तो सैनिक आमच्या कुणाहीपेक्षा चांगला लढत होता.

वैशालीनं मला चहाच्या निमित्तानं आत बोलावलं आणि आवाज खाली आणला. "भाऊजी, चार महिने झाले. दर गुरुवारी दरवाजापर्यंत येतात. नाना दांडी हलवतच नाहीत. दहा सेकंद जातात, दरवाजा पडतो, सैनिक आणि म्हातारा दोघंही चिरडतात. मग हे म्हणतात, पुन्हा. की परत अलीकडच्या पुलापासून."

"बाळूच्या लक्षात येत नाही?"

"येतं की. पण मला म्हणतात, तू त्यांना ढकला म्हणू नकोस. संपलं तर यायचे थांबतील ते."

मी कप तसाच हातात धरून बाहेर आलो. दोघांचीही भीती मला माहीत होती आणि दोघांनाही एकमेकांची माहीत नव्हती. सांगून टाकावं असं फार वाटलं. पण आपण कोण मध्ये बोलणारे?

पडद्यावर किल्ला आला. दरवाजा करकरत खाली यायला लागला, म्हाताऱ्यानं खांदा लावला. दहा. नऊ. नानांच्या कपाळावर घाम आला होता. अंगठा दांडीवर, पण लाकडासारखा. आठ. सात. गेम आहे हे मला कळत होतं, तरी मी आकडे पुटपुटायला लागलो. सहा. वैशाली दारात येऊन उभी राहिली.

"बाळू," नाना म्हणाले, "मला न्हाई जमायचं."

पाच. बाळूनं उजवा हात जागचा हलवला नाही. त्यानं डावा उचलला. ते संपलेलं मनगट त्यानं नानांच्या अंगठ्यावर ठेवलं. नऊ वर्षांत नानांनी ज्याच्याकडे पाहिलं नव्हतं, ते त्यांच्या हातावर आलं. नानांचं सगळं अंग शहारलं, पण हात त्यांनी ओढला नाही.

"ह्या वेळी दोघं मिळून ढकलू," बाळू म्हणाला. "बाहेर. म्हाताऱ्याला घेऊन घरी जाऊ."

तीन. दांडी बाहेरच्या बाजूला सरकली. दरवाजा कोसळला तेव्हा त्याच्याखाली कुणी नव्हतं. सैनिक आणि म्हातारा जळालेल्या मुलखातून परत निघाले होते, रिकाम्या हातांनी. मोरे याला फसवणूक म्हणतो. म्हणू दे.

नावं वर सरकायला लागली. खूप नावं असतात. वैशाली म्हणाली, "नाना, पुढच्या गुरुवारी जेवायलाच या. सकाळी या." नानांनी मान हलवली, पण त्यांना ते ऐकू आलं की नाही कोण जाणे.

शेवटचं नाव वर गेल्यावर बाळू म्हणाला, "संपला, नाना."

"व्हय."

"हात काढा की आता."

नऊ वर्षं जगाला हात काढायला सांगणारा तो माणूस म्हणाला, "ऱ्हाऊ दे जरा."

बाळूनंही आपला काढला नव्हता.