श्राव्य आढळल्यास

चंडीगडच्या कलासंस्थांच्या सेक्टरात एक संगीत महाविद्यालय असावे, याला तिथल्या रहिवाशांची कधीच हरकत नव्हती. त्यांचे म्हणणे एवढेच होते की, त्यातून संगीत ऐकू येऊ नये.

हे म्हणणे मांडायला खोसलासाहेब जातीने आले. ते निवृत्त सचिव होते, महाविद्यालयासमोरच्या बंगलेवजा कोठीत राहत आणि या शहरात निवृत्त सचिवांना जे करावेच लागते ते, म्हणजे रहिवासी संघाचे अध्यक्षपद, भूषवत. प्राचार्य ढिल्लोंच्या खोलीत चहा घेता घेता त्यांनी सांगितले, की आपण मोठे कलाप्रेमी आहोत. आपल्या दिवाणखान्यात दोन पेंटिंगे आहेत आणि इतक्या वर्षांत त्यांनी एकदाही झोपमोड केलेली नाही. संगीताने चित्रकलेचा आदर्श समोर ठेवायला काय हरकत आहे?

गायन विभागाच्या सरोज मराठे तिथेच बसल्या होत्या. त्या मूळच्या मिरजेच्या. नवरा जयंत इथल्या एका मोठ्या रुग्णालयात संशोधक म्हणून आला, त्याच्यामागून त्या आल्या आणि त्यांच्या मांडीवर आडवा होऊन त्यांचा तानपुरा आला.

"सर, गाने में आवाज तो आएगी," त्या म्हणाल्या.

"वही तो प्रॉब्लेम है, मॅडमजी," खोसलासाहेब समजुतीने म्हणाले.

मग समिती नेमली गेली आणि आवाज मोजण्याचे यंत्र आले. यंत्राच्या मते मंद्र सप्तक निर्दोष होते, मध्य सप्तक संशयास्पद आणि तार सप्तक सरळसरळ गुन्हा. समितीने तार सप्तक पुढील आदेशापर्यंत तहकूब केले. सरोजताईंनी विचार केला, एका सप्तकाने काय बिघडते? उतारवयात भलेभले गवई उरलेल्या दोनांवरच भागवतात. त्यांनी ठरावावर सही केली. पुढच्या बैठकीत डग्ग्याला परवानगी मिळाली, तबल्याला नाकारली गेली. तेव्हापासून तीनतालाची फक्त डावी बाजू शिकवली जाऊ लागली. त्यावरही त्यांनी सही केली.

तरीही यंत्राचा काटा खाली येईना. चौकशीअंती असे निष्पन्न झाले, की आवारातल्या झाडांवर पोपट आहेत आणि त्यांचा कलकलाट महाविद्यालयाच्या खाती जमा होतो. पोपट समितीच्या अखत्यारीत येत नव्हते. सबब, पोपटांमुळे होणारी वाढ महाविद्यालयाने आपल्या हिश्शातून वजा करून द्यावी, असे ठरले. हिशेब केला, तेव्हा महाविद्यालयाच्या वाट्याला शून्य आले.

अशा रीतीने 'ध्वनिमुक्त संगीत शिक्षण धोरण' जन्माला आले.

वाद्यांच्या तारा उतरवून भांडारात जमा करण्यात आल्या. पहिल्या दिवशी सरोजताईंचे विद्यार्थी बिनतारांच्या तानपुऱ्याच्या खुंट्या मन लावून पिळत बसले. थोड्या वेळाने सरोजताईंनी विचारले, "जुळला?"

"पक्का, मॅम," पोरे म्हणाली.

सरोजताईंनी मान डोलावली. पहिल्यांदा ती जड गेली, मग सवय झाली.

परीक्षेचे गुण चार गोष्टींना विभागून देण्यात आले: बैठक, हाताची फेक, चेहऱ्यावरचे भाव आणि शांतता. नियम एकच कडक होता. विद्यार्थी दोनदा श्राव्य आढळल्यास त्याचे नाव कमी होणार होते. निकाल लागला आणि झाडून सारे प्रथम श्रेणीत आले. वर्षानुवर्षे सुराला पारखी असलेली मुले सुवर्णपदके घेऊन गेली. घरी रियाझाचा त्रास नाही म्हटल्यावर शेजारच्या पंचकुल्यापासून खरड गावापर्यंतच्या पालकांनी प्रवेशासाठी रांगा लावल्या. दिल्लीहून आलेल्या तपासणी पथकाने, इतकी शिस्त आपण एकाही संगीत संस्थेत पाहिली नाही, असे म्हणत सर्वोच्च श्रेणी दिली. सरोजताई विभागप्रमुख झाल्या.

जयंतने पेढा तोंडात टाकला. "अभिनंदन. आमच्या रुग्णालयाला अजून पेशंटशिवाय ऑपरेशन करायची परवानगी मिळत नाहीये. तुम्ही फारच पुढे गेलात."

"टोमणे पुरेत हं," सरोजताई म्हणाल्या. घरातही त्यांचा आवाज आता धोरणात बसेल इतकाच निघत असे.

या सगळ्या यशाला एकच गालबोट होते, ते म्हणजे अक्षरा. चंडीमंदिरच्या लष्करी छावणीतल्या सुभेदार बाळकृष्ण जगदाळ्यांची ही मुलगी. सरोजताई मराठीत विचारत, ती हिंदीत उत्तर देई, आणि गाऊ लागली की दोन्ही भाषांची गरज संपे. असा गळा सरोजताईंना उभ्या नोकरीत दुसरा मिळाला नव्हता. सहामाही परीक्षेत अक्षरा श्राव्य आढळली होती. आणखी एकदा आढळली की घरी.

सरोजताईंनी तिला आपल्या गाडीत शिकवायला सुरुवात केली. मागच्या पार्किंगमध्ये गाडी लावायची, काचा चढवायच्या आणि इंजिन चालू ठेवायचे. गाड्यांच्या आवाजावर कुणाचाच आक्षेप नव्हता. डॅशबोर्डवर थाप देत सरोजताई ताल धरत आणि तार षड्ज, हद्दपार झालेला तो गरीब सूर, मागच्या सीटवर येऊन बसे.

लोहडीच्या सणाला खोसलासाहेबांच्या हिरवळीवर डीजे लागला. महाविद्यालयाची तावदाने थरथरली, पोपट सेक्टर सोडून गेले. सरोजताईंनी दुसऱ्या दिवशी अदबीने विषय काढला.

"वो तो फॅमिली फंक्शन है जी," खोसलासाहेब म्हणाले. "कल्चर थोडी था."

त्या दिवशी गाडीत सरोजताईंचे रक्त उसळले. "अक्षरा, वार्षिक मैफलीत तू खुलून गायचंस. नाव कमी करू देत. पहिल्या रांगेत मी असेन, तुझ्या आधी मी उभी राहीन."

"पक्का, मॅम?"

"पक्का."

मैफलीला सभागृह भरले होते. पहिल्या रांगेत प्रमुख पाहुणे खोसलासाहेब, शेजारी विभागप्रमुख या नात्याने सरोजताई. एकेक विद्यार्थी येई, बिनतारांचा तानपुरा छेडी, डोळे मिटून हात वर नेई आणि ओठ हलवी. जाणकार योग्य जागी 'वाह' करत, अर्थात तोंडातल्या तोंडात. आज भैरवाचा ऋषभ जरा चढा लागला, असे एका समीक्षकाने शेजाऱ्याच्या कानात सांगितले. शेजाऱ्याला तो उतरलेला वाटला होता. यापूर्वी कधीही गाण्याला न आलेल्या खोसलासाहेबांनी डोळे टिपले.

"संगीत इतना सुंदर होता है, मुझे पता ही नहीं था," ते म्हणाले.

सर्वांत शेवटी अक्षरा आली. तिने सरोजताईंकडे पाहिले, डोळे मिटले आणि तार षड्ज लावला.

सभागृहात खळबळ उडाली. प्रत्येकाचा हात खिशाकडे गेला. कुणाचा तरी मोबाइल वाजतो आहे, अशीच सर्वांची समजूत झाली. बायका पर्स उपसू लागल्या. निवेदकाने धावत येऊन मोबाइल बंद ठेवण्याची विनंती केली. सूर तसाच उभा होता, सरळ, स्वच्छ, आणि त्याला बंद करायचे बटण कुणालाच सापडत नव्हते. अखेर खोसलासाहेबांच्या ध्यानात आले. त्यांनी मान वळवून सरोजताईंकडे पाहिले. नुसते पाहिले.

अक्षरानेही डोळे उघडून त्यांच्याकडेच पाहिले. वचन दिलेली बाई आता उठणार होती.

सरोजताईंचा हात उठला. त्यांनी बोट ओठांवर ठेवले.

सूर तुटला. अक्षराचे ओठ मात्र हलत राहिले, हात वर गेला, चेहऱ्यावर भाव आले. खरोखरच इतके भाव त्या मंचावर कुणी पाहिले नव्हते. तिला पैकीच्या पैकी गुण मिळाले आणि सुरुवातीचा प्रकार तांत्रिक बिघाड म्हणून नोंदवण्यात आला. लोकांनी उभे राहून, तळव्याला तळवा न लावता, टाळ्या वाजवल्या.

हा वृत्तान्त आपणही ओठ न हलवता वाचलात. मध्ये कुठे चीड आली असेल, तर तीही आवाज न करता आली. शेजाऱ्यांची तक्रार नाही. आपला निकाल प्रथम श्रेणी.