कमळपानावरच्या जुळ्या टेकड्या

एका जंगलात, बाळांनो, सुलोचना नावाची एक चिचुंद्री पोस्टडॉक करत होती. पोस्टडॉक म्हणजे काय? शिक्षण संपलेल्या प्राण्याला नोकरी लागेपर्यंत जे शिक्षण देतात, ते. बिचारी तळ्यातळ्यावर पोस्टडॉक करून दमली होती. आता तिला एकच आस होती, कायमच्या नोकरीची.

तिचे गुरू अस्वलसर. कमळाच्या पानावर पाणी का टिकत नाही, हा त्यांचा विषय. त्यांच्याकडे एक भारी सूक्ष्मदर्शक होता. त्यात डोळे लावून बघायचं नसतं, चाचपायचं असतं. साळिंदराच्या काट्याचं बारीक टोक पानावरून फिरवायचं, की पानावरच्या मेणाच्या टेकड्या चित्रात उमटतात.

एके दिवशी चित्र उमटलं. प्रत्येक टेकडी जुळी!

अस्वलसर नाचायचेच बाकी राहिले. "थेंबाला कुठल्या टेकडीवर बसावं ते कळत नाही, म्हणून तो घरंगळतो! सुलोचना, तुझी नोकरी पक्की समज."

सुलोचना हरखून गेली. रानभर व्याख्यानं झाली, हारतुरे झाले. वाघमहाराजांनी दरबारात बोलावणं धाडलं.

पण चिचुंद्रीचा स्वभाव पडला चौकस. तिनं सहज काट्याखाली दगड ठेवला. दगडावरही सगळं जुळं! पाहते तर काट्याचं टोकच दुभंगलेलं, एकच टेकडी दोनदा चाचपणारं. तिनं काटा बदलला. टेकड्या निमूट एकेकट्या उभ्या राहिल्या.

"सर, टेकड्या जुळ्या नाहीत. काटा फाटलाय."

"नव्या काट्यानं एकच दिसते?"

"हो, सर."

"मग नवा काटा अर्धंच दाखवतो. फेकून दे."

"पण सर, दगडसुद्धा जुळा दिसतोय."

"दगडसुद्धा? वा! दुसरा शोधनिबंध झाला की! आणि हे बघ, दरबारात गप्प बसायचं. नोकरी हवीय ना?"

नोकरी हवी होती. फार हवी होती. तरी दरबारात ती उठलीच.

"महाराज, टेकडी एकच आहे."

महाराजांनी अस्वलसरांकडे पाहिलं.

"पोर गुणी आहे," सर हळहळून म्हणाले. "पण तिला अजून अर्धंच दिसतं. आणखी थोडं प्रशिक्षण हवं."

महाराजांना ते पटलं. सुलोचनाची रवानगी शेजारच्या जंगलात झाली, नव्या पोस्टडॉकवर. वाटेत ती मनसोक्त रडली.

तात्पर्य: सत्य जरूर सांगावं, बाळांनो, पण आधी नोकरी कायम करून घ्यावी. अस्वलसरांनीही तरुणपणी असंच ठरवलं होतं. नोकरी कायम झाली, पुढचं तेवढं राहून गेलं.