बोरकरकाकांची फुललेली चप्पल

भर उन्हाळ्यात, दुपारच्या झोपेच्या वेळी आमची बेल वाजते. दारात वरच्या मजल्यावरचे बोरकरकाका. डोक्याला ओला दुपट्टा, हातात रिकामी बादली. म्हणतात, "एसी लाव ना वं पोरी. पाणी संपून राहिलं."

काकांना थंडावा नको असतो. आमच्या एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी हवं असतं. नळाचं पाणी क्षारांचं, ते त्यांच्या ऑर्किडना सोसत नाही. या ऑर्किडच्या फुलाची खालची पाकळी पुढून बंद चपलेच्या चवड्यासारखी फुगीर असते. म्हणून धरमपेठेतली आमची अख्खी बिल्डिंग तिला 'काकांची चप्पल' म्हणते. काकांना त्याचा राग नाही. "एकाच्या तरी घरी फुलली काय?" एवढंच ते विचारतात.

काका हिंगण्याच्या एका कारखान्यातून सुपरवायझर म्हणून निवृत्त झाले. काकू गेल्यापासून एकटेच असतात. त्यांच्या पारदर्शक कुंड्यांत माती नाही, भाजलेल्या मातीचे सुपारीएवढे गोळे आहेत. बुडापासून दोन बोटं वर एक भोक. भोकाखाली पाणी साठतं, गोळे ते वर ओढतात, मुळं लागेल तेवढं पितात. "मातीत अंदाज चालते, इथं सिस्टम आहे," हे वाक्य मी कुंड्यांबद्दल ऐकलंय, तसंच लग्नाच्या पंगतींबद्दलही. घरातला एकुलता कूलर कुंड्यांच्या खोलीत असतो. काका हॉलमध्ये पुठ्ठ्याने वारा घेत बसतात.

गेल्या मे महिन्यात आमच्या गल्लीचा ट्रान्सफॉर्मर जळाला आणि सकाळीच कूलर बंद पडला. काका सगळ्या कुंड्या परातींत मांडून खाली घेऊन आले. आमच्या इन्व्हर्टरवर फक्त आईच्या खोलीतला पंखा चालायचा. मांडीचं हाड मोडल्यापासून आई तिथंच पडून होती आणि कोणाशी फारसं बोलत नव्हती. कुंड्या तिथं ठेवू का, असं काकांनी विचारलं, तिने नुसती मान हलवली. मग काका दिवसभर खिडकीला बांधलेली चादर भिजवत बसले. संध्याकाळी लाइट आली तेव्हा एकही पान मलूल नव्हतं, आणि आई पलंगावरून त्यांना चादर पिळायची कशी ते शिकवत होती.

हिवाळ्यात त्या कुंड्यांतली एक फुलली. काकांनी ती कुंडी आणून आईच्या उशाशी ठेवली. मला नवल वाटलं, कारण कुंड्यांना ते कोणाला बोटही लावू देत नसत.

"दोन महिने टिकते हे फूल," ते म्हणाले. "माझ्या घरी पाहाले कोण आहे?"

तेव्हापासून ते रोज संध्याकाळी पाणी तपासायला येऊ लागले. आठवड्यातून एकदा पाहिलं तरी पुरतं, हे त्यांनीच मला कधीतरी सांगितलं होतं. मी चहाचं आधण तेवढं वाढवलं.

फूल गळलं त्या संध्याकाळी काकांनी कुंडी उचलली.

"राहू द्या," आई म्हणाली. "अजून येते ना फूल?"

"या पानांतून नाही येत. बाजूने नवा कोंब निघते, मग त्याले. साल-दोन साल लागते."

"मंग तोवर पाणी कोण पाहील?"

काकांनी कुंडी पुन्हा उशाशी ठेवली आणि खुर्ची पलंगाजवळ ओढली.