उताराला लागलेलं इंजिन

चष्मेवाल्यांना तिसरा हात हवा होता. एका हातात पाना, दुसऱ्या हाताने ठिणगीची वेळ ठरवणारा डिस्ट्रिब्युटर धरलेला, आणि इंजिनाचा वेग वाढवणारी तार ओढायला कोणीच नाही, अशा अवस्थेत ते गॅरेजमध्ये उभे होते. बायको असती तर तिने तार ओढली नसतीच, पण "काय ते मेलं धूड" म्हणत दारात उभी तरी राहिली असती.

जन्मभर त्यांनी लोकांच्या नाकावर चष्मे बसवले. जुन्या मोटारींच्या हौशी शर्यतीत उतरायचं वेड मात्र तरुणपणापासूनचं. बायकोने सांगून ठेवलं होतं, "मी आहे तोवर ते घरात आणायचं नाही." ती गेल्यावर त्यांनी दुकान विकलं आणि दोन सीटांची एक म्हातारी मोटार दारात आणून उभी केली. आता नको म्हणणारं कोणी उरलं नव्हतं, आणि त्यामुळे निम्मी मजाही उरली नव्हती.

मोटारीचं इंजिन त्यांनी उतरवून चाकांच्या लोखंडी गाड्यावर ठेवलं, उघडलं, पुसलं, पुन्हा जोडलं आणि वर सुपरचार्जर बसवला. सुपरचार्जर म्हणजे पट्ट्यावर फिरणारा पंप. न जेवणाऱ्या पोराच्या तोंडात आईने घास कोंबावेत तशी तो इंजिनात हवा कोंबतो. त्याने ताकद वाढते, पण इंजिनाचा स्वभाव तिरसट होतो. ठिणगी जरा लवकर पडली तर पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखं खडखडतं, जरा उशिरा पडली तर धापा टाकतं. बरोबर जागा या दोहोंच्या मधे केसाएवढी. ती जागा इंजिन जोरात चालू असताना, डिस्ट्रिब्युटर हळूहळू फिरवत, कानानेच शोधायची.

मुलगी परगावाहून फोन करायची. "बाबा, दिवसभर काय करता? जरा माणसांत मिसळा."

"मिश्रणावरच काम चाललंय," ते म्हणायचे. मुलीला पेट्रोल आणि हवेचं मिश्रण काय कळणार. ती बरं म्हणून फोन ठेवायची, आणि मग घरात फ्रिजचा आवाज ऐकू यायला लागायचा.

शेवटी त्या दिवशी त्यांनी तार ओढून गाड्याच्या दांडीलाच बांधून टाकली. इंजिन गरजलं. गॅरेजच्या फळीवरचे डबे नाचू लागले, आणि डब्यांबरोबर गाडाही. एका चाकाची खिट्टी थरथरत निसटली, मग दुसऱ्याची. डिस्ट्रिब्युटरला कान लावून वाकलेल्या चष्मेवाल्यांना आपण चालतोय हे कळलं तेव्हा गाडा उंबऱ्यावरून उतरून गल्लीत आला होता.

गल्ली उताराची होती. बॅटरीची वायर उपटली असती तर सगळं तिथेच थांबलं असतं, आणि त्यांचा हात वायरीकडे गेलाही. नेमक्या त्याच वेळी दुसऱ्या हाताखाली डिस्ट्रिब्युटर किंचित फिरला आणि आवाज एकदम निवळला. खडखड नाही, धाप नाही, एकसंध भरलेला आवाज. ज्याच्यासाठी वर्ष घालवलं तो आवाज गल्लीतून खाली निघाला होता. चष्मेवाल्यांनी वायर सोडली आणि ते त्याच्या मागोमाग चालू लागले.

खालच्या अंगाला गाण्याच्या बाई राहायच्या. एकट्याच. इंजिनाच्या आवाजाने शिकवण्या बुडतात म्हणून त्यांनी चष्मेवाल्यांशी बोलणं टाकलं होतं. त्या फाटक उघडून आल्या आणि सरळ गाड्यासमोर उभ्या राहिल्या.

"बंद करा ते."

"बंद केलं तर पुन्हा सापडायचं नाही," चष्मेवाले ओरडून म्हणाले. "जरा धरता का? तिथे नको, भाजेल. दांडीला धरा."

बाईंनी धरलं. का धरलं ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मग समोरचे रिटायर झालेले पोस्टमास्तर बनियनवर धावत आले आणि त्यांनी चाकाखाली आपल्या बागेतली कुंडी सारली. कुंडी फुटली, पण गाडा थांबला.

"अजून थोडं मागे घ्या," बाई म्हणाल्या.

"गाडा?"

"सूर. चढलाय तो."

चष्मेवाल्यांनी डिस्ट्रिब्युटर अंमळ मागे घेतला. आवाज आणखी गोल झाला. त्यांनी बोल्ट आवळला, आणि तेवढ्यात गाड्याला टांगलेल्या बाटलीतलं पेट्रोल संपलं. गल्ली इतकी शांत झाली की सगळेच ओशाळले.

गाडा चढावर ढकलायला तिघं लागले. घरी आल्यावर चष्मेवाल्यांनी चहा टाकला. रोज एकच कप विसळून वापरायचा, त्यामुळे बाकीच्या कपांवर धूळ बसली होती. पोस्टमास्तर फुटलेल्या कुंडीबद्दल बराच वेळ बोलले. बाईंनी साखर कमी आहे म्हणून सांगितलं. दोघं गेल्यावर चष्मेवाल्यांच्या लक्षात आलं, की इंजिन आता लागलं आहे आणि उद्या कोणी यायचं काही कारण नाही.

सकाळी त्यांनी पाना घेतला आणि बोल्ट सैल करून डिस्ट्रिब्युटर थोडा फिरवून ठेवला.

"बिघडलं वाटतं पुन्हा," संध्याकाळी ते फाटकाशी जाऊन म्हणाले. बाई आल्या. पोस्टमास्तर आले, आणि तार ओढायचं काम त्यांनी कायमचं आपल्याकडे घेतलं. इंजिन मोटारीत बसवतानाही तिघंच होते. सूर लागायचा, चहा व्हायचा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन पुन्हा बिघडायचं.

शर्यतीच्या आदल्या दिवशीही त्यांनी सवयीने बोल्ट सैल केला. संध्याकाळी तीन कप मांडून बसले. कोणी आलं नाही. उद्या मोठा दिवस, माणसाला जरा विश्रांती घेऊ द्यावी, असं खालच्या दोघांनी आपसांत ठरवलं होतं. चष्मेवाले फाटकापर्यंत दोनदा गेले, पण खरं काय ते सांगायचा धीर झाला नाही. एकट्याने करून पाहिलं, तर पुन्हा हात कमी पडले. शेवटी अंदाजाने बोल्ट आवळला आणि झाकण लावलं.

शर्यत टेकडीच्या रस्त्यावर होती. एकेका मोटारीने पायथ्यापासून माथ्यापर्यंत जायचं. चष्मेवाल्यांची पाळी आली, मोटार झोकात सुटली आणि पहिल्याच वळणावर खडखडायला लागली. पाय उचलला तर धाप, दाबला तर खडे. बाई आणि पोस्टमास्तर शेवट बघायला म्हणून पायवाटेने वर निघाले होते. ते चष्मेवाल्यांच्या आधी पोचले. पोस्टमास्तरांनी तर मधे पाणीही पिऊन घेतलं.

चष्मेवाले शेवटचे आले. माथ्यावर मोटार बंद करून ते तसेच आत बसून राहिले. बाई शेजारच्या सीटवर येऊन बसल्या.

"रोज सकाळी तुम्हीच बिघडवत होतात," त्या म्हणाल्या.

चष्मेवाले स्टिअरिंगकडे बघत राहिले. "कधी कळलं?"

"दुसऱ्याच दिवशी. आवळलेला बोल्ट रात्रीतून आपला आपण सुटत नाही. तेवढं मलाही कळतं."

"मग बोलला का नाहीत?"

बाईंनी पदराने मानेवरचा घाम टिपला. खाली रस्त्यावर लोक घरी निघाले होते.

"शिकवण्या कधीच्या बंद झाल्यात माझ्या," त्या म्हणाल्या. "तुमच्या इंजिनामुळे नव्हे. कोणी येईनासंच झालं. इंजिनाचं नाव सांगायला बरं पडायचं."

तेवढ्यात पोस्टमास्तर खिडकीशी वाकले. "अहो, वाईट वाटून घेऊ नका. मला वाटतं, सगळं पुन्हा उघडूनच बघायला हवं. वेळ लागेल, पण लागू दे."

"पुष्कळ लागेल," बाई म्हणाल्या.